जखम पाहायची की गाडी?

कुडाळ तालुक्यातील ओरोस येथून सिंधुदुर्गाच्या 'एमएच ०७' मालिकेची नोंदणी होते. वाहन खासगी की भाड्याचे, विजेवर चालणारे की इंधनावर, हे क्रमांकपट्टीच्या रंगावरून दुरूनही कळते. २०२१ मध्ये बदलीच्या नोकरदारांसाठी 'बीएच' मालिका आली; सेवेतील सैनिकालाही ती मिळते, हे योग्यच झाले. मात्र सीमेवर पाय गमावून गावी परतलेल्या जवानासाठी केंद्रीय नियमांत एकही पट्टी नाही. अमेरिकेतील राज्ये आपल्या अपंग सैनिकांना अशी पट्टी देतात.

प्रश्न केवळ मानाचा असता, तर कोकणातील जवानाने तो हसून सोडून दिला असता. परंतु पट्टी नाही म्हणजे ओळख नाही, आणि ओळख नाही म्हणजे सवलतही नाही. २००८ च्या राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियमांनुसार परमवीर चक्रापासून शौर्य चक्रापर्यंतच्या मानकऱ्यांना पथकर माफ आहे. अपंगांच्या बाबतीत मात्र माफी आहे ती खास त्यांच्यासाठी घडविलेल्या वाहनाला! सुरुंगाच्या स्फोटात दोन्ही हात गेलेला हवालदार मुलाच्या साध्या मोटारीतून इस्पितळात निघाला, तर तो नियमाच्या लेखी कोणीच नव्हे. स्फोटात हात गाडीचे गेले होते काय? ओसरगावच्या नाक्यावरून 'एमएच ०७' च्या टोलमुक्तीसाठी जिल्हा पेटून उठला होता. त्या गदारोळात या हवालदाराची आठवण किती पुढाऱ्यांना झाली?

१६५९ मध्ये प्रतापगडच्या युद्धानंतर शिवछत्रपतींनी जखमी मावळ्यांना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत बक्षीस दिल्याचे सभासद नोंदवितो. राजाने जखम पाहिली. मावळ्याचे घोडे कोणत्या बनावटीचे होते, हे विचारले नाही. त्याच राजाचा जयघोष करीत मराठा लाइट इन्फन्ट्री आजही शत्रूवर तुटून पडते.

दुसरी विसंगती याहून बोचरी आहे. सेवेमुळे आलेले अपंगत्व वीस टक्के ठरले, तरी लष्कर त्याचे निवृत्तिवेतन देते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मात्र बहुतेक लाभांसाठी चाळीस टक्क्यांची अट घालतो. म्हणजे लष्कराने अपंग मानलेला जवान नागरी कचेरीच्या पायरीवर धडधाकट ठरतो!

गैरवापराची भीती घालणारे शहाणे आहेतच. (लाल दिव्याच्या गाड्या उधळल्या जात होत्या, तेव्हा हे कुठे होते?) अपंगत्वाची टक्केवारी निवृत्तिवेतनाच्या आदेशातच नोंदलेली असते, तो दाखवावा आणि पट्टी घ्यावी. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. 'पद्मश्री' मिळायला २०१८ उजाडले. क्रमांकपट्टीसाठीही तितकीच वर्षे लागणार असतील, तर आजचे जवान ती पाहायला हयात नसतील. नियमातील 'वाहन' या शब्दाशेजारी 'सैनिक' हा शब्द घालण्याची दुरुस्ती रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खासदारांनी येत्या अधिवेशनातच मागावी.