सोबत आलेल्या बाईचाही केसपेपर काढा

मनाच्या आजाराच्या ओपीडीत रुग्णाचा केसपेपर निघतो, शेजारी बसलेल्या बाईचा निघत नाही. तिला जे विचारतात ते त्याच्याबद्दलच असतं. गोळ्या वेळेवर घेतात का, झोप लागते का, चिडचिड कमी आहे का? ती सगळं नीट सांगते, चिठ्ठी घेते, गोळ्या पिशवीत टाकते आणि परतीची एसटी पकडते. तिला झोप लागते का, हे तिला कोणीच विचारत नाही. धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न विचारायची पद्धत पडली पाहिजे, एवढ्यासाठी हा लेख.

मी कळंब तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माझ्या यजमानांना बायपोलर आजार आहे. हे लिहायला त्यांचा होकार आहे. मनाला चढ लागला की ते रात्र-रात्र जागतात. पहाटे विहिरीवरची मोटार चालू करायला निघतात, कुणाला तरी फोन लावून शेत विकायची बोलणी करतात आणि अडवलं की माझ्या माहेराचा उद्धार करतात. उतार लागला की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात आणि दोन घास खायला घालायचे तर तासभर विनवण्या कराव्या लागतात. मोटारसायकलची किल्ली मी ज्वारीच्या कोठीत ठेवते. रात्री दाराची कडी वाजली की मला जाग येते, आणि नाही वाजली तरी आता वाजेल म्हणून जाग येते.

त्यांना लिथियम चालू आहे. हे औषध रक्तात कमी पडलं तर उपयोगाचं नाही आणि जास्त झालं तर विषारी ठरतं. म्हणून ठरावीक काळाने रक्तातलं लिथियम, थायरॉईड आणि मूत्रपिंड तपासावं लागतं. त्यासाठी आम्ही लातूरला जातो. त्यांचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे फाईलला लावलेले आहेत. माझा स्वतःचा असा एकही कागद घरात नव्हता.

मग २०२२चं नवरात्र आलं. २६ सप्टेंबरपासून राज्यात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान सुरू झालं. अठरा वर्षांवरच्या सगळ्या महिलांची तपासणी होती. उपकेंद्रात सिस्टरनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, पट्टा सोडून पुन्हा बांधला. आकडा तोच, १७२ वर १०४.

“बाई, गोळी चालू हाय का?”

“चालू आहे की, रात्री जेवणानंतर देते त्यांना.”

“सरांची नव्हं, तुमची इचारतेय.”

त्या खोलीत रांगेत बसलेल्या बाया एकमेकींकडे बघत होत्या. कुणाचा नवरा दारूत बुडालेला, कुणाचा लकव्यानं अंथरुणाला खिळलेला, कुणाचा संशयानं पेटलेला. सगळ्यांना एकच सल्ला मिळालेला असतो: “तुझ्याच कुंकवाचा धनी हाय, तूच सांभाळून घे.” येरमाळ्याच्या येडाईला नवस कर, तुळजापूरची वारी धर, देवऋषी दाखव, असंही सांगतात. देवीचा आधार खोटा नाही, मीही परडी भरते. पण परडी भरून रक्तदाब उतरत नाही, त्याला गोळीच लागते आणि रात्रीची झोप लागते.

शरीर हे सगळं सोसतं, पण त्याचा हिशोब ठेवतं. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात एक अभ्यास झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या त्यांच्या वयाच्या बायका, दोन्ही गटांच्या हातावर सारख्याच आकाराची छोटी जखम केली. सांभाळणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. १९९९च्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात आजारी जोडीदाराला सांभाळणाऱ्या वयस्क माणसांना चार वर्षं पाहिलं. सांभाळताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघालं. म्हणून या बायकांच्या तब्येतीकडे ‘बाईमाणसाची कुरकुर’ म्हणून बघणं बंद करायला हवं.

हे ओळखणारा एक मराठी माणूस होऊन गेला. डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे खानदेशातले, कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक. पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया झाला आणि त्यांनी संसारही सांभाळला, पत्नीलाही सांभाळलं. पण ते आपल्या घरापुरतं बघून थांबले नाहीत. १९९७ साली त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथे रुग्णांबरोबर घरच्यांचेही गट बसतात. या आजारावरच्या ‘देवराई’ चित्रपटामागेही त्यांचं पाठबळ होतं. त्या चित्रपटात आजारी भावाइतकीच त्याला सांभाळणारी बहीण दिसते. पुण्याच्याच मुक्तांगणमध्ये व्यसनी रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालतो. सांभाळणाऱ्याला जपणं हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग आहे, हे या संस्थांनी करून दाखवलं.

वाणींचं उदाहरण आणखी एका कारणासाठी द्यावंसं वाटतं. आमच्या भागात नवरा आजारी पडला तर बायको राहते, आणि बायको आजारी पडली तर पुष्कळदा तिला माहेरी नेऊन सोडतात. जे नवरे राहतात, ते चुलीपासून पोरांच्या शाळेपर्यंत सगळं ओढतात, आणि ‘पुरुषासारखा पुरुष’ म्हणून कुणापाशी रडूही शकत नाहीत. केसपेपर त्यांचाही निघाला पाहिजे.

आपला जिल्हा या बाबतीत अगदी कोरा नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने २०१५ साली चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात आपण आहोत. आशाताई घरोघर जाऊन शेतकऱ्याच्या मनाची विचारपूस करू लागल्या. तुळजापूर तालुक्यात अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने तर गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. म्हणजे गावातली बाई गावातल्या माणसाचं दुखणं ओळखू शकते, हे इथे सिद्ध झालेलं आहे. आता विचारपूस घरधन्यापाशी थांबू नये, एवढंच हवं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताई भरतातच. त्यात एक ओळ वाढवा: घरात दीर्घ आजारी माणूस कोण सांभाळतं? त्या माणसाचा रक्तदाब, साखर आणि झोप दर तीन महिन्यांनी तपासा. जिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत मनाच्या आजाराची ओपीडी असते, त्या दिवशी सोबत आलेल्यांसाठी वेगळा तासभर ठेवा. यासाठी नवी इमारत लागत नाही, दंडाला बांधायचा पट्टा लागतो आणि ऐकणारं माणूस लागतं.

घरातही काही करता येतं. यजमान बरे असताना आम्ही दोघांनी बसून एक कागद लिहिला. दोन रात्री झोप उडाली तर तिसऱ्या दिवशी डॉक्टर. त्या काळात मोटारसायकल नाही, जमिनीचा कुठलाही व्यवहार नाही. खाली त्यांचीच सही आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबद्दल असं आधी लिहून ठेवायचा आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमायचा हक्क रुग्णाला दिलाच आहे. आठवड्यातून दोन रात्री धाकटे दीर आमच्याकडे झोपायला येतात आणि मी आतल्या खोलीत दार लावून झोपते. सकाळी वेशीपर्यंत चालून येते. पहिल्यांदा लोक म्हणाले, नवरा आजारी आणि ही फिरायला निघाली. आता त्यातल्या दोघीजणी माझ्याबरोबर चालतात. माझा रक्तदाब गोळीनं ताब्यात आहे, आणि माझी झोप झालेली असली की मी त्यांच्या रागाला उत्तर रागानं देत नाही. त्याचा फायदा त्यांनाच होतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. आजारात माणूस वाकडं बोलतो, ते सोसावं लागतं. मारहाण सोसू नका. आजार हे तिचं कारण असेल, पण परवाना नाही. अंगावर हात पडला तर आधी घराबाहेर पडा, ११२ लावा, महिलांसाठी १८१ आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आजारी नवऱ्याच्या बायकोलाही लागू आहे. तुम्ही सुरक्षित राहिलात तरच त्याच्या उपचाराचा विचार करता येईल.

जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना विनंती आहे, येत्या नवरात्रापासून सोबत आलेल्यांचा केसपेपर सुरू करा. आणि माझ्यासारख्या घरांतल्या बायकांनो, भावांनो, सरकारची वाट बघू नका. या आठवड्यात उपकेंद्रात जा आणि स्वतःचा रक्तदाब मोजून घ्या. मन भरून आलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. त्याच्या गोळीबरोबर तुमचीही गोळी वेळेवर घ्या.