पोर घोरतंय, पण तपासणीच्या यादीत तो प्रश्नच नाही

लहान पोर घोरायला लागलं की घरातली म्हातारी माणसं कौतुकानं म्हणतात, "दमलंय बिचारं, गाढ झोपलंय." बहुतेक वेळा तसंच असतं. सर्दी असते, जाते. पण काही पोरं घोरता घोरता एकदम गप्प होतात, छाती हलते पण हवा आत जात नाही, मग दचकून मोठा श्वास घेतात. रात्रभर हेच चालतं. याला स्लीप ॲप्निया म्हणतात.

हार्मोनच्या काही जन्मजात आजारांत हा त्रास फार दिसतो. प्राडर-विली सिंड्रोम घ्या. 15व्या गुणसूत्रातला दोष, साधारण 15 हजार जन्मांत एक मूल. दुर्मिळच. पण त्याची लक्षणं बघा. बाळ मलूल, अंगात जोर नाही, दूध ओढत नाही, वजन वाढत नाही. जव्हार-मोखाड्यात अशा बाळाला आपण काय म्हणणार? कुपोषित. 1992 च्या वावर-वांगणीनंतर वजनकाटा आणि दंडाचा घेर हीच आपली भाषा झाली. ती गरजेची होती, आजही आहे. पण हेच पोर दोन-तीन वर्षांनंतर खा-खा करायला लागतं, अंग धरतं आणि नोंदवहीत ते 'सुधारलं' असं होतं. खरं तर पोट भरल्याचा निरोप त्याच्या मेंदूला कळतच नसतो. वजन वाढतं, स्नायू ढिलेच राहतात आणि रात्री श्वास अडकतो. दिवसा अंगणवाडीत पेंगतं, तर आपण त्याला आळशी म्हणतो.

उपचार नाहीत असं नाही. केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात प्राडर-विलीसाठी ग्रोथ हार्मोन आहे आणि मुंबईचं केईएम त्यातलं एक केंद्र आहे. पण हे इंजेक्शन सुरू करण्याआधी आणि नंतरही झोपेची तपासणी लागते. पोर खूप लठ्ठ असेल, श्वास जास्त अडकत असेल आणि तसंच इंजेक्शन सुरू केलं, तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे घोरण्याची चौकशी ही चैन नाही, उपचाराची पहिली पायरी आहे.

जन्मजात थायरॉईडच्या कमतरतेतही जीभ मोठी राहून श्वासाला आवाज येतो. तिथं तर रोजची एक स्वस्त गोळी पुरते, पण ती पहिल्या काही आठवड्यांतच सुरू व्हावी लागते. डाऊन सिंड्रोमच्या पोरांतही थायरॉईड आणि झोपेचा त्रास बरोबरीनं येतो.

आता मुद्द्याचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 6 फेब्रुवारी 2013 ला सुरू झाला तो आपल्या पालघरमधूनच. तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यात होतो. 30 आजारांची यादी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, शाळेत एकदा. त्या यादीत झोप नाही.

माझी मागणी लहान आहे. तपासणीत दोन प्रश्न घाला: पोर रोज घोरतं का? झोपेत श्वास थांबून दचकतं का? आश्रमशाळेत हेच अधीक्षकांना विचारा, रात्री पोरांजवळ तेच असतात. उत्तर 'हो' असेल तर आईबापाला सांगा, मोबाईलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, डॉक्टरला दाखवा. आशा ताई आणि अंगणवाडी ताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे मान्य. म्हणून नवं रजिस्टर नको, आहे त्याच कागदावर दोन ओळी पुरेत.

पण पुढची जबाबदारी ताईंवर ढकलू नका. मुंबई इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर जातो. तेव्हाची तारीख देऊन "पालक आलेच नाहीत" असा शेरा मारणं सोपं आहे. तारीख कुटुंब गावात असताना द्या, गाडी द्या आणि पाठपुरावा कोण करणार त्याचं नाव कागदावर लिहा.

अशी पोरं तालुक्यात मोजकीच असतील. मोजकी आहेत म्हणूनच ती कुपोषणाच्या आकड्यात हरवतात.

तुमच्या गावच्या आशा-अंगणवाडी ग्रुपवर हे टाका. आणि आज रात्री घरातलं पोर झोपलं की पाच मिनिटं शेजारी बसून त्याचा श्वास ऐका.