पहिल्या दिवसाची बातमी कोण लिहितो?

माझे वडील रेल्वेत ट्रॅकमन होते. त्यांच्या काळी गँगमन म्हणत. तीस वर्षे त्यांनी रूळ सांभाळले आणि दर वर्षी न चुकता युनियनची पावती फाडली. त्यांची मुलगी जनसंपर्काचा, म्हणजे ज्याला सगळे ‘पी. आर.’ म्हणतात त्याचा अभ्यासक्रम शिकते आहे, हे कळल्यावर आमच्याकडे येणाऱ्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मला तोंडावर सुनावले, “पोरी, मालकाची हुजरेगिरी शिकायला फी भरतेस होय?”

काका, तुमचे निम्मे म्हणणे बरोबर होते. उरलेले निम्मे चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत आपण दर अपघाताला आणि दर संपाला मोजत आलो आहोत. हा लेख तुम्हाला उत्तर म्हणून लिहीत आहे.

आधी तुमचे बरोबर असलेले निम्मे सांगते. पहिले सत्र संपल्यावर मी मुंबईतल्या एका एजन्सीत दोन महिन्यांच्या उमेदवारीला लागले. तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेदहाला फोन आला. आमच्या एका ग्राहक कारखान्यात पॉवर प्रेसवर एका कामगाराची तीन बोटे गेली होती. साहेबांनी मला बोलावले आणि बाराच्या आत वर्तमानपत्रांना पत्रक गेले पाहिजे असे सांगितले. मी लिहिले: ‘प्राथमिक माहितीनुसार सुरक्षा नियमांचे पालन न झाल्याने ही दुर्दैवी घटना घडली. कंपनी जखमी कामगाराच्या कुटुंबाच्या पाठीशी आहे.’ साहेबांनी त्यात एकच दुरुस्ती केली. ‘पालन न झाल्याने’ खोडून ‘कामगाराने पालन न केल्याने’ असे घातले. प्राथमिक माहिती कुठून आली, असे मी विचारले. उत्तर मिळाले, “कंपनीकडून.” त्या कामगाराचे नावसुद्धा मला माहीत नव्हते. प्रेसचा गार्ड जागेवर होता का, तो किती तास सलग उभा होता, हे कुणी विचारले नाही. मीही विचारले नाही. संध्याकाळी माझे कौतुक झाले.

दुसऱ्या दिवशी दोन वर्तमानपत्रांत ते पत्रक जसेच्या तसे आले. मी मोठ्या हौसेने घरी दाखवले. बाबांनी चष्मा लावून वाचले आणि विचारले, “चौकशी झाली का?”

“नाही अजून.”

“मग चूक त्याचीच, हे कुणी ठरवलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. ठरवले मी होते. बाबांनी पेपर घडी करून ठेवला आणि नोकरीतली एक गोष्ट सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. एका थंडीत त्यांच्या बीटमध्ये रूळ तडकला. गाडी थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात ‘गँगमनच्या हलगर्जीपणामुळे’ असे छापून आले. त्यांना एसएफ-५ मिळाली. आठ महिन्यांनी चौकशीत ते निर्दोष ठरले. ते मात्र कुठेच छापून आले नाही. आजीने ती पहिली बातमी शेजाऱ्यांकडून ऐकली होती, आणि दुसरी ऐकायच्या आधी ती गेली.

साथींनो, वर्गात दोन सत्रांत जे शिकले नाही ते त्या संध्याकाळी शिकले. चौकशी आठ महिन्यांनी संपते, पण निकाल पहिल्याच दिवशी लागतो. आणि पहिल्या दिवसाची बातमी ज्याचे पत्रक आधी पोहोचते तोच लिहितो.

ही युक्ती आजची नाही. आमच्या पाठ्यपुस्तकाचे पहिलेच प्रकरण रेल्वेचे आहे. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. त्या काळी कंपन्या अपघात दडपून टाकत. पण या कंपनीचा सल्लागार आयव्ही ली याने उलट केले. त्याने स्वतः निवेदन लिहून वर्तमानपत्रांना दिले आणि वार्ताहरांना घटनास्थळी नेले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते निवेदन जसेच्या तसे छापले. जगातले पहिले प्रसिद्धिपत्रक म्हणून आम्हाला शिकवतात ते हेच, एका रेल्वे अपघाताचे. एवढ्यापुरते त्याचे काम चांगलेच होते. माहिती उघड झाली.

पण त्याच लीचे पुढचे काम पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकले आहे. २० एप्रिल १९१४ रोजी कोलोरॅडोतील लुडलो येथे संपावर गेलेल्या खाण कामगारांच्या तंबूंवर सरकारी शिपाई आणि कंपनीचे पहारेकरी यांनी गोळीबार केला. तंबू पेटले. एका तंबूखालच्या खड्ड्यात आसरा घेतलेली अकरा मुले आणि दोन बायका मेल्या. खाणीची कंपनी रॉकफेलर घराण्याच्या ताब्यात होती. त्यांनी लीला कामाला लावले. त्याने देशभर पत्रके वाटली. त्यातल्या एकात युनियनच्या पुढाऱ्यांचा वर्षभराचा पगार जणू नऊ आठवड्यांचा असल्यासारखा छापला होता! पुढे चौकशी आयोगासमोर लीला कबूल करावे लागले की, त्याने माहिती कंपनीकडून घेतली आणि स्वतः तपासली नव्हती.

“प्राथमिक माहिती कुठून आली?” “कंपनीकडून.” शंभराहून अधिक वर्षांत फरक काय पडला?

टपाल खात्यातल्या बंधू-भगिनींनी ब्रिटनकडे पाहावे. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली आणली. शाखांच्या हिशेबात तूट दिसू लागली. कराराने शाखा चालवणारे सब-पोस्टमास्तर सांगत राहिले की, आम्ही पैसे घेतलेले नाहीत, यंत्रात घोळ आहे. व्यवस्थापनाचे ठरलेले वाक्य एकच होते: प्रणाली भक्कम आहे. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोकांना चोरी आणि खोट्या हिशेबाच्या गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. प्रणालीत दोष होते हे न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये मान्य केले. त्या सगळ्या शिक्षा सरसकट रद्द करायला मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला, तोही जानेवारीत दूरदर्शनवर या प्रकरणावरची मालिका पाहून जनता खवळल्यावर. तोवर वीस वर्षे ‘यंत्र निर्दोष, माणूस चोर’ हीच बातमी होती. आपल्या काउंटरवर सर्व्हर बसला की रांगेतला माणूस कुणाला शिव्या देतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आपल्या घरचे पाहा. १७ जून २०२४ रोजी उत्तर बंगालमध्ये कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली. सिग्नल पहाटेपासून नादुरुस्त होते. त्याच दिवशी रेल्वे बोर्डाच्या सर्वोच्च पातळीवरून सांगण्यात आले की, मालगाडीच्या लोको पायलटने सिग्नल पाळला नाही. तो लोको पायलट अपघातात मेला होता. मेलेल्या माणसाला खुलासा देता येत नाही. पुढच्या महिन्यात रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात काय आले? गाड्यांना दिलेला कागदी परवानाच योग्य नव्हता, आणि अशा सिग्नल क्षेत्रात गाडी कशी चालवावी याचे कर्मचाऱ्यांना पुरेसे समुपदेशन नव्हते. पण हा अहवाल किती जणांनी वाचला, आणि पहिल्या दिवसाची बातमी किती जणांनी?

त्याआधी २९ ऑक्टोबर २०२३ रोजी आंध्रात विजयनगरम जिल्ह्यात दोन पॅसेंजर गाड्यांची टक्कर होऊन चौदा जण मेले. मागच्या गाडीचा लोको पायलट आणि त्याचा सहाय्यक दोघेही गेले. मार्च २०२४ मध्ये खुद्द रेल्वेमंत्र्यांनी सांगितले की, ते दोघे मोबाइलवर क्रिकेटचा सामना पाहत होते. देशभर तेच झाले. त्याच वर्षी पुढे उघड झाले की फोनच्या नोंदींत याला काही आधार नाही. गाडी चालवताना नियमभंग झाला की नाही, हा चौकशीचा विषय आहे आणि चौकशीत जे निघेल ते आपण मान्य केलेच पाहिजे. पण ‘क्रिकेट पाहत होते’ हा डाग त्या दोघांच्या घरच्यांनी कसा पुसायचा?

काका, इथपर्यंत आपले एकमत आहे. आता तुमचे चूक असलेले निम्मे.

उमेदवारीत माझे दुसरे काम कात्रणे लावण्याचे होते. त्यामुळे मालकांची आणि युनियनची पत्रके शेजारी-शेजारी पाहायला मिळाली. मालकाचे पत्रक त्याच दिवशी दुपारी, अर्ध्या पानाचे. युनियनचे चौथ्या दिवशी, अडीच पानांचे. त्यात पहिल्या परिच्छेदात ‘तीव्र शब्दांत जाहीर निषेध’, दुसऱ्यात अकरा पदाधिकाऱ्यांची नावे हुद्द्यांसह, आणि अगदी शेवटी, उपसंपादक वाचायचा थांबला असेल तिथे, एक ओळ: ‘सदर कामगार सलग चौदा तास ड्युटीवर होता.’ अहो, बातमी तीच होती! तीच आपण तळाशी पुरली. याला बैल गेला नि झोपा केला म्हणतात.

यावर आपल्याकडे तीन उत्तरे ठरलेली आहेत.

पहिले उत्तर असे की, आमची बाजू खरी आहे, खऱ्याला जाहिरात कशाला? साथींनो, बाबांची बाजू खरी होती. ब्रिटनच्या सब-पोस्टमास्तरांची खरी होती. खरे आपोआप पसरत नाही. कुणीतरी ते वेळेवर पोहोचवावे लागते.

दुसरे उत्तर असे की, वृत्तपत्रे भांडवलदारांची आहेत, ती आपले छापणार नाहीत. काही नाहीच छापणार. पण मी पाहिले ते असे की, संध्याकाळी पान लावणाऱ्या उपसंपादकाला दोन बाजू हव्या असतात आणि त्याच्या टेबलावर एकच असते. दुसरी आलीच नाही तर तो कुठून छापणार? शिवाय १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला तेव्हा आकाशवाणी सरकारच्या हातात होती आणि आपल्या हातात भिंती आणि सायक्लोस्टाइल. आज प्रत्येक प्रवाशाच्या खिशात फोन आहे. ती सबब आता चालायची नाही.

तिसरे उत्तर असे की, नियम आडवे येतात. हे उत्तर खरे आहे, पण अर्धे. प्रत्येक झोनला मुख्य जनसंपर्क अधिकारी असतो, आणि कामगाराने मात्र परवानगीशिवाय वृत्तपत्राकडे जाऊ नये म्हणून १९६६ च्या रेल्वे सेवा आचार नियमांत नियम ८ आहे. टपालवाल्यांना १९६४ च्या नियमांत तसाच आहे. हा असमान सामना आहे आणि त्याविरुद्ध लढले पाहिजे. पण पुढचा नियम ९ वाचा. युनियनच्या पदाधिकाऱ्याने रेल्वे कामगारांच्या सेवाशर्तींच्या रक्षणासाठी प्रामाणिकपणे मांडलेल्या मतांना त्यात सूट आहे. म्हणजे दार अगदी बंद नाही. प्रशासनाने एक माणूस नेमला आहे, आपणही एक नेमावा.

शब्दांचेही तेच. ऑगस्ट २०२१ मध्ये सहा लाख कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्यात रेल्वेची स्थानके आणि गाड्यासुद्धा होत्या. नाव काय? ‘मॉनेटायझेशन’. मुदतीने खाजगी हातात देणे असे म्हटले असते तर फलाटावरच्या हमालालाही कळले असते. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये ‘विलीन’ झाले. गावोगावच्या लोकांनी काउंटरवरच्या ताईंना विचारले, आमचे रजिस्टर बंद का केले? आपल्या किती शाखांनी त्या आठवड्यात पोस्टाबाहेर साध्या मराठीत एक फलक लावला, की हा निर्णय काउंटरवर झालेला नाही?

म्हणून माझी मागणी आपल्याच फेडरेशनकडे आहे. प्रत्येक शाखेने एक प्रसिद्धिप्रमुख नेमावा, आणि तो नियमाने बोलू शकणारा पदाधिकारी असावा. घटना घडल्यापासून तीन तासांत आठ वाक्यांचे पत्रक जावे: काय घडले, कोण जखमी झाले, ड्युटी किती तासांची होती, काय अजून माहीत नाही, आणि चौकशीआधी कुणालाही दोषी म्हणू नका. रिक्त पदांचे आणि ड्युटीच्या तासांचे आकडे माहिती अधिकारात आधीच मागवून तयार ठेवावेत. निषेध शेवटच्या ओळीत, पुढाऱ्यांची नावे त्याहून खाली. आणि निर्दोष सुटलेल्या प्रत्येक साथीची बातमी, पहिली बातमी छापणाऱ्या वर्तमानपत्राकडे निकालाच्या कागदासह न्यावी आणि ती छापून येईपर्यंत पिच्छा सोडू नये.

एक पथ्य मात्र कडक पाळावे. खोटे एक अक्षर लिहायचे नाही. आपल्या माणसाची चूक असेल तर ती लपवायची नाही. लीचा खोटा आकडा त्याच्या नावाला कायमचा चिकटला. आपल्याकडे रॉकफेलरचे पैसे नाहीत. आपला आकडा एकदा खोटा निघाला की पुढच्या दहा खऱ्यांना कुणी विचारणार नाही.

ती उमेदवारी मी पुरी केली. प्रमाणपत्र मिळाले. तीन बोटे गेलेल्या त्या कामगाराचे नाव मी नंतर शोधून काढले, पण त्याला सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. चौकशीत काय निघाले ते माझ्या पत्रकासारखे पहिल्या पानांवर आले नाही. पुढचे सत्र मी पुरे करणार आहे. काका, त्यानंतर शाखेच्या कार्यालयात मला एक टेबल द्या. मालकासाठी बाराच्या आत पत्रक लिहायला मी शिकले आहे. तेच आता आपल्या माणसांसाठी लिहायचे आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!

— जनसंपर्क शिकणारी एका ट्रॅकमनची मुलगी