काजळी उतरवताना

‘अगं, मीच बंद पाडली गाडी. क्लच जमत नाही आता मला.’

पौड फाट्याचा सिग्नल हिरवा झाला होता, मागून हॉर्नचा ऑर्केस्ट्रा सुरू होता आणि बाबा किल्ली फिरवत होते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. शेवटी गाडी सुरू झाली. पुढच्या वळणावर त्यांनी ती बाजूला घेतली, किल्ली माझ्या हातात दिली आणि चुपचाप डावीकडच्या सीटवर येऊन बसले. तीस वर्षं पुण्यात गाडी चालवलेला माणूस! मी काही बोलले नाही. काय बोलणार?

त्यानंतर तीन आठवडे गाडी सोसायटीत कव्हर घालून उभी. आमची गाडी म्हणजे 2012 सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक. बाबा रिटायर झाल्यापासून तिचं विश्व म्हणजे घर ते मंडई आणि मंडई ते घर. जेमतेम तीन किलोमीटर. आईचा फंडा क्लिअर होता, ‘पंधरा वर्षं होत आली, री-पासिंगची कटकट नको, विकून टाका.’ आणि बाबा चक्क ‘बरं’ म्हणाले. एरवी आईच्या पहिल्या वाक्याला ‘बरं’ म्हणणाऱ्यातले बाबा नाहीत, बरं का. मला टेन्शन आलं ते तिथे.

एका सकाळी कामासाठी मीच गाडी काढली. कर्वे पुतळ्यापाशी स्पीड कमी केला, क्लच दाबला, न्यूट्रल टाकला आणि... गाडी बंद! नळस्टॉपला पुन्हा तेच. मग ट्यूब पेटली. क्लच चुकला तर गाडी निघताना आचका देऊन बंद पडते. ही थांबताना बंद पडत होती, क्लच पूर्ण दाबलेला असताना. म्हणजे चूक बाबांच्या पायाची नव्हतीच. मीटरकडे पाहिलं तर एरवी आठशेच्या आसपास राहणारा आरपीएमचा काटा पाचशेपर्यंत घसरत होता, आणि एसी लावला की गाडी मलेरिया झाल्यासारखी थडथडत होती.

एका चकाचक गॅरेजमध्ये गेले. बॉनेटही न उघडता उत्तर मिळालं, ‘मॅडम, कार्बन झालाय. डिकार्बोनायझेशन पॅकेज घ्या, साडेसात हजार.’ विचारलं, नेमकं काय साफ करणार? ‘सगळंच.’ फ्रीलान्सर माणसाला साडेसात हजार म्हणजे दोन लेख आणि त्यांच्या चेकसाठी तीन महिने फोन. म्हटलं, आधी समजून तर घेऊ.

तर मंडळी, कार्बनचा फंडा असा

पेट्रोल पूर्ण जळलं तर मागे मुख्यत: वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. अर्धवट जळलं की काजळी. स्वयंपाकघरातल्या स्टोव्हसारखंच. गाडी थंड असताना इंजिनाचा कॉम्प्युटर मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, कारण थंडपणात त्यातलं बरंचसं नीट वाफच होत नाही. इंजिन तापेपर्यंत तीन किलोमीटर संपतात, गाडी पार्क होते आणि काजळी आतच राहते. स्पार्क प्लगचंच बघा. त्याचं टोक साधारण 450 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. मंडईच्या फेरीत बिचारा तिथवर पोचतच नाही.

दुसरी भानगड ऑइलची. इंजिनाच्या पोटात तयार होणारी ऑइलची वाफ बाहेर न सोडता पुन्हा हवेच्या वाटेने आत घेतली जाते. प्रदूषण नको म्हणून ही सोय. पण ती तेलकट वाफ थ्रॉटल बॉडीत चिकटते. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनाचं नाक. आत एक गोल झडप असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते, सोडला की जवळजवळ बंद होते. तेव्हा इंजिन जगतं ते कडेच्या बारीक फटीतून आणि एका छोट्या बायपास वाटेतून आलेल्या हवेवर. तिथेच काजळीचा थर बसला तर? नाक चोंदतं. आणि थांबताना गाडी बंद पडते. आमच्या गाडीचं निदान घरबसल्या झालं होतं.

बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला रिस्पॉन्स होता, ‘फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना कसला आलाय कार्बन? कार्बन व्हायचा तो स्कूटरला.’

आणि मग कितीतरी दिवसांनी बाबा सुटले. आमची टू-स्ट्रोक स्कूटर मला पुसटशी आठवते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालायचं, म्हणजे काजळीला आमंत्रणच. दर रविवारी प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचा. वर्षा-दोन वर्षांनी हेड उघडून पिस्टनवरचा काळा थर जुन्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने खरवडायचा. सायलेन्सर तर गोवऱ्यांच्या जाळात टाकून लाल करायचे आणि मग ठोकून काजळी झाडायची. ‘त्यानंतर स्कूटर अशी पळायची!’ असं म्हणताना बाबांचा उजवा हात हवेत अ‍ॅक्सिलरेटर पिळत होता.

म्हटलं, बाबा, रविवारी बसायचं का?

रविवार सकाळ, सोसायटीचं पार्किंग

नाना पेठेतून थ्रॉटल बॉडी क्लीनरचा कॅन आणला. काही शे रुपयांत काम झालं. दुकानदाराला आधी कार्ब्युरेटर क्लीनर मागितला होता. तो म्हणाला, ‘ताई, तो नका नेऊ. झडपेवर कोटिंग असतं, ते जाईल.’ सोबत जुने मऊ टूथब्रश, बाबांचं फाटकं बनियन, रबरी हातमोजे आणि स्क्रूड्रायव्हर. पार्किंग उघड्यावरचं हवं, इंजिन थंडगार हवं आणि जवळ सिगरेट किंवा उदबत्तीसुद्धा नको, कारण हा स्प्रे भयंकर ज्वलनशील असतो. किल्ली बाबांच्या खिशात.

आधी मोबाइलवर फोटो काढले. कोणता पाइप कुठे होता, हे नंतर आठवतं असं वाटतं. आठवत नाही. एअर फिल्टरच्या डब्यातून निघणाऱ्या जाड रबरी पाइपची क्लिप सैल केली, त्यावरच्या सेन्सरचा प्लग काढला, पाइप बाजूला केला. आत पितळी रंगाची चकती आणि तिच्या कडेला काळंकुट्ट कडं. बाबा वाकले आणि म्हणाले, ‘ही तर आपल्या स्कूटरच्याच घरची दिसते!’

आमच्या गाडीचा थ्रॉटल जुन्या पद्धतीचा, केबलवाला. त्यामुळे बाबा आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचे, मी झडपेची मागची बाजू पुसायचे. ‘दाबा... सोडा... अजून थोडं...’ शेजारचे काका गॅलरीतून कॉमेंट्री करत होते. तुमच्या गाडीचा थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल, आणि अलीकडच्या बहुतेक गाड्यांचा असतो, तर ती झडप हाताने किंवा स्क्रूड्रायव्हरने ढकलू नका. आतले नाजूक दाते बिघडू शकतात. मग नवी थ्रॉटल बॉडी घ्यावी लागेल आणि साडेसात हजार स्वस्त वाटतील. दिसतं तेवढंच पुसा. स्प्रे शक्यतो कापडावर मारा, आत पूर आणू नका. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याला हा स्प्रे लावू नका, त्याचा क्लीनर वेगळा मिळतो.

बनियन काळंठिक्कर पडलं. चकतीची कडा चमकू लागली. मग बाबांना जोर चढला, म्हणाले प्लगही बघू. आमच्या गाडीचे तीन. प्लगच्या खळग्यातली धूळ आधी फुंकून काढायची, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये. प्लगचा रंग म्हणजे इंजिनाची जीभ. फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठणठणीत. काळा आणि तेलकट ओला असेल तर इंजिन ऑइल जाळतंय, तिथे घरगुती उपाय चालत नाहीत. आमचे तिन्ही काळे, पण कोरडे. म्हणजे मंडईच्या फेऱ्या. नवे प्लग टाकले. प्लग आधी बोटांनीच फिरवत बसवायचा, पान्याची पाळी शेवटी. आटे गेले की हेडलाच खर्च. हे बाबांनी दोनदा सांगितलं.

पंधरा मिनिटं सगळं वाळू दिलं आणि किल्ली फिरवली. दोन-तीन आचके, थोडा धूर, आणि मग इंजिन हाय आयडलवर गुरगुरायला लागलं. काम फत्ते! एवढ्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा. चेक इंजिन. माझ्या पोटात गोळा. बाबा शांतपणे उतरले, बॉनेटमध्ये बघितलं आणि म्हणाले, ‘मास कम्युनिकेशनवाल्या बाई, तो सेन्सरचा प्लग कोण लावणार?’ फोटो काढले होते, बघितले मात्र नव्हते. प्लग लावला. दिवा पुढच्या दोन-तीन दिवसांत आपोआप गेला.

सुरुवातीला आयडल जरा वरखाली होतो, कारण चोंदलेल्या नाकाची सवय झालेल्या कॉम्प्युटरला नव्याने शिकावं लागतं. एसी बंद ठेवून दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली. काटा आठशेवर येऊन स्थिरावला. बाबा त्या काट्याकडे बघत होते. मी म्हटलं, ‘बाबा, तुमचा क्लच बरोबर होता.’ ‘हं,’ म्हणाले. बस, एवढंच.

वाई, व्हाया टॉप गिअर

थ्रॉटल साफ झाला, पण पिस्टनच्या माथ्यावर आणि इंजेक्टरच्या तोंडाशी काजळी असतेच. तिथे ब्रश पोचत नाही. त्यासाठी टाकीत घालायचं क्लीनर मिळतं. बाटलीवर पीईए, म्हणजे पॉलिइथरअमाइन लिहिलेलं बघून घ्या. टाकीभर पेट्रोलला एक बाटली, आणि मग हायवे. इंजिन नीट तापलं, अर्धा-पाऊण तास तीन हजार आरपीएमच्या आसपास चाललं की बरीच काजळी जळून बाहेर पडते. म्हणजे उपायाचा शेवटचा भाग होता लाँग ड्राइव्ह. आणि मी जाहीर केलं की मला डेडलाइन आहे, मी मागे बसून लॅपटॉपवर लिहिणार. गाडी बाबा चालवतील.

आई माझ्याकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, ‘हायवेला नको गं.’ मी लॅपटॉप उघडून बसले.

चांदणी चौक येईपर्यंत बाबा स्टिअरिंगला असे चिकटले होते की जणू आजच लर्निंग लायसन्स मिळालंय. वारज्यापर्यंत कोणीच बोललं नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी टॉप गिअर टाकला. शिरवळला थांबून आम्ही चहा घेतला. खंबाटकी चढताना तर त्यांनी थर्डवर गाडी खेचली आणि ‘बघ, पिकअप बघ!’ असं आईला सांगितलं. आईने ‘हळू’ म्हणायचं सोडून चक्क खिडकी खाली केली. ढोल्या गणपतीचं दर्शन घेऊन, घाटावर कृष्णेत पाय सोडून बसलो, तेव्हा आईनेच विषय काढला, ‘री-पासिंगला काय काय कागद लागतात हो?’

लॅपटॉपवर मी एक ओळही लिहिली नव्हती. आता लिहितेय.

हे मात्र करू नका

• चालू इंजिनाच्या हवेच्या पाइपमध्ये पाणी सोडून ‘वाफेने कार्बन साफ’ करायचे व्हिडिओ बघून हात शिवशिवतील. आवरा. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये जास्त गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. रॉकेल-डिझेलचे प्रयोगही नकोत.

• डिझेल गाडीत हा घरगुती उद्योग टाळा. तिथे ईजीआर व्हॉल्व्हची काजळी वेगळी आणि जाड असते, शिवाय डिझेल इंजिन आत गेलेला स्प्रे इंधनासारखा जाळून पिसाळू शकतं. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो स्वत:ला साफ करतो ते मुख्यत: मोकळ्या रस्त्यावर. रोज ऑफिसची दोन किलोमीटर फेरी असेल तर डिझेल घेण्याआधी विचार करा.

• गाडी डायरेक्ट इंजेक्शनची पेट्रोल असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत. टाकीतलं क्लीनर तिथे पोचतच नाही. ते काम चांगल्या मेकॅनिकचं. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ करतात, खरंच!

• आणि गॅरेजवाल्याला बिनधास्त विचारा, नेमकं काय साफ करणार? ‘सगळंच’ म्हणाला तर चहा पिऊन परत या.

आमच्या घरी आता नवा नियम आहे. महिन्यातला एक रविवार गाडीचा. पुढच्या वेळी पानशेत की भोर, यावर वाद सुरू आहे. गाडी कोण चालवणार, यावर नाही.