अर्धवट घरकुलांचा गुन्हेगार कोण?

दिंडोरी तालुक्यातील आमची एक भगिनी मागच्या महिन्यात एक कागद घेऊन आमच्याकडे आली. कागद म्हणजे नोटीस. घरकुलाचा पहिला हप्ता उचलूनही बांधकाम पूर्ण केले नाही, तेव्हा घेतलेले 15 हजार रुपये परत करा, अन्यथा कारवाई होईल, असा मजकूर. बाईचा नवरा वारलेला, ती स्वतः द्राक्षबागेत रोजाने जाणारी. त्या 15 हजारांत उसनवारीची भर घालून तिने जोत्याच्या तीन बाजू उचलल्या आणि काम थांबले. जोते पुरे झाल्याशिवाय मोबाईलवर फोटो चढत नाही आणि फोटो चढल्याशिवाय दुसरा हप्ता पडत नाही. वकिलीत आम्ही पुष्कळ नोटिसा वाचल्या आहेत. पण ज्याने पैसे अपुरे दिले त्यानेच घर अपुरे का, असा जाब विचारावा, हे वाचून संताप आला.

अर्धवट घरे पूर्ण करण्यासाठी सरकारने काहीच केले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. 20 नोव्हेंबर 2020 पासून राज्यात 100 दिवसांचे महाआवास अभियान झाले, पुढेही झाले, 2025 मध्ये पुन्हा झाले. चांगल्या कामाबद्दल पंचायतींना, अधिकाऱ्यांना पुरस्कारही मिळाले. प्रश्न असा की, अभियानावर अभियान का घ्यावे लागते? घर बांधायला गरिबाला अभियान लागत नाही, पैसा आणि जागा लागते.

पैशाचा हिशेब पाहू. इंदिरा आवास योजनेच्या जागी 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना आली. घर किमान 25 चौरस मीटरचे, म्हणजे 269 चौरस फुटांचे. अनुदान सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार. सपाटीवर चौरस फुटाला 446 रुपये पडतात. एवढ्यात आज कोणता गवंडी विटा, सिमेंट, लोखंडासह घर बांधून देतो, ते आम्हाला दाखवावे! ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने दुसरा टप्पा मंजूर केला, तेव्हाही हाच आकडा कायम ठेवला. राज्याने 2025 मध्ये दुसऱ्या टप्प्यासाठी 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार सौरऊर्जेचे. याउलट शहरी योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळत आले. दिंडोरीला नगरपंचायत आहे. तिच्या हद्दीतल्या गरिबाला एक दर आणि हद्दीबाहेरच्या गावातल्याला दुसरा. सिमेंटची गोणी काय हद्द ओलांडली की स्वस्त होते? ग्रामीण योजनेत किमान 60 टक्के हिस्सा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेला आहे. तेव्हा अर्धवट भिंती कोणाच्या वस्तीत उभ्या असणार, हे सांगायला वेगळी पाहणी नको.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि तो जुना आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड याच तालुक्यातल्या आंब्याचे. 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांना जमीन मिळावी म्हणून त्यांनी सत्याग्रह केला, लोक तुरुंग भरायला निघाले. आज त्यांच्या नावाने योजना आहे, पण घरापुरती जागा मागणाऱ्याला कार्यालयाचे खेटे चुकत नाहीत. जागा विकत घ्यायला सरकार दीनदयाळ उपाध्याय योजनेतून अर्थसाहाय्य देते. आधी 50 हजार होते, पुढे ते लाखापर्यंत नेले. पैसे मिळाले तरी गावठाणालगत बौद्धाला जागा विकणार कोण? हे शासन निर्णयात लिहिलेले नसते. राहता राहिले गायरान. जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितले. तो निकाल आमच्या लोकांच्या तोंडावर नेहमी फेकला जातो. पण शासकीय अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिलेले असतील, तर अपवाद म्हणून नियमित करता येईल, हेही त्याच निकालात आहे. ते वाक्य कोणी वाचून दाखवत नाही. चमेली सिंग खटल्यात तर दलितांच्या घरांसाठी झालेले भूसंपादन सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले आणि निवारा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

रिकाम्या घरांची गोष्ट निराळी. पेठ, सुरगाणा आणि दिंडोरीच्या पश्चिमेकडचे आदिवासी बांधव पावसाळा सरला की बागांच्या कामाला खाली उतरतात. गावात घरकुलाला कुलूप, इकडे बांधावर पत्र्याचे नाही तर प्लास्टिकचे छप्पर. पाहणी करणारा येतो आणि ‘लाभार्थी राहत नाही’ असा शेरा मारतो. शहरांत सरकारी पैशाने बांधून पडून राहिलेली घरे देशात लाखाच्या घरात निघाली. टाळेबंदीत मजूर पायी घरी गेले, त्यानंतर जुलै 2020 मध्ये ती घरे भाड्याने देण्याची योजना केंद्राला सुचली. पण ती शहरापुरती. द्राक्षाच्या हंगामातल्या मजुराच्या निवाऱ्याचा त्यात विचारच नव्हता.

त्या भगिनीच्या नोटिशीला आम्ही उत्तर दिले आहे. बाजू ऐकून घेतल्याशिवाय वसुली करता येणार नाही, हे त्यात आहेच. शिवाय माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून तालुक्यात किती घरकुले जोत्यावर थांबली, ती कोणत्या प्रवर्गाची आणि त्यांचा पुढचा हप्ता कोणत्या तारखेपासून अडला, हे विचारले आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावासाठी असाच अर्ज करावा आणि मिळालेली यादी 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. अर्जाचा नमुना हवा असेल तर आम्ही देऊ.