समुद्र ‘करून’ येणारे

आमच्या वाशीमहून समुद्र रात्रभराच्या प्रवासाहून जवळ नाही. तरी दिवाळी सरते न सरते तोच मंडळी निघतात आणि चौथ्या दिवशी परतून ऐकवतात, “गणपतीपुळे केले, मुरूड केले, तारकर्लीही केली!” अहो, समुद्र म्हणजे का अष्टविनायक, एकामागून एक उरकायला? भरतीची ओहोटी व्हायला सुमारे सहा तास लागतात. तुम्ही थांबता अर्धा तास, त्यातला निम्मा फोटोंत!

कोणी म्हणेल, नोकरदाराला रजा कुठे? मी म्हणतो, रजा थोडी म्हणूनच ठिकाणेही थोडी हवीत. ऑस्ट्रेलियात पूर्णवेळ नोकरदाराला कायद्याने वर्षाला 4 आठवडे पगारी रजा असते. शिवाय तिथे पहाऱ्याच्या किनाऱ्यांवर लाल-पिवळ्या निशाणांमधेच पोहावे, असा दंडक आहे. आपण मात्र भरती आहे की ओहोटी, हे गावच्या कोळ्याला न विचारताच पाण्यात शिरतो. उभा जन्म तळ्याकाठी गेलेल्या माणसाच्या ही घाई जिवावर बेतते.

तेव्हा यंदा एकच गाव धरा. पहिला दिवस नुसते बसा. पाणी कुठवर चढते, कुठवर हटते, ते पोरांना पाहू द्या. शेजाऱ्यांना तीन नावे ऐकवता आली नाहीत, तर बिघडले कुठे?