हळदीवरच्या शोधनिबंधाची पट्टी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वजन, दर, हमाली, तोलाई, सगळं त्यावर लिहिलेलं. त्याच हळदीवर वैद्यकीय शोधनिबंध छापून आला तर मात्र पैसा कुणाचा, हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात हुडकावं लागतं. ‘हळदीने कॅन्सर बरा’ अशी बातमी होईपर्यंत तर ती ओळ गळूनच पडलेली असते.

हळदीच्या जखमा भरण्याच्या गुणावर 1995 मध्ये दिलेलं अमेरिकी पेटंट रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून 1997 मध्ये रद्द करवलं. हे आपण अभिमानाने सांगतो. पुढची कथा फारसं कुणी सांगत नाही. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रात तेव्हा काम करणारे भरत अग्रवाल हे हळदीतल्या कर्क्युमिनवरचे गाजलेले संशोधक. त्यांनी 2004 मध्ये कर्क्युमिनसारखं कृत्रिम औषध बनवू पाहणारी करी फार्मास्युटिकल्स ही कंपनी इतरांसोबत स्थापन केली. पुढे त्यांचे 30च्या आसपास निबंध नियतकालिकांनी मागे घेतले. त्यामागे मुख्यतः आकृत्यांविषयीच्या शंका होत्या, कंपनी नव्हे. त्या दोन गोष्टींची सांगड घालणं अन्यायाचं होईल. तरीही निबंध खरा ठरो वा खोटा, लेखकाचा कंपनीशी संबंध आहे हे वाचकाला आधी कळायला हवं.

उसाचं प्रकरण याहून जुनं आणि जास्त बोचरं. अमेरिकेतल्या शुगर रिसर्च फाउंडेशनने हार्वर्डच्या पोषणतज्ज्ञांना साडेसहा हजार डॉलर दिले आणि 1967 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हृदयविकारावरचा आढावा छापून आला. दोष स्निग्ध पदार्थांवर गेला, साखर सुटली. मसुदे साखरवाल्यांनी आधीच पाहिले होते. पैशाचा उल्लेख मात्र निबंधात कुठेच नव्हता. क्रिस्टिन कर्न्स या दंतवैद्यक संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी जुना पत्रव्यवहार धुंडाळून 2016 मध्ये हे उघड केलं.

तेव्हा असा खुलासा करण्याचा नियमच नव्हता, असा बचाव होतो. खरं आहे, त्या नियतकालिकाने तो 1984 मध्ये आणला. पण नियम नव्हता म्हणून पैसा मिळाला नव्हता, असं थोडंच आहे!

सातारा-सांगलीत हा प्रश्न दूरचा नाही. कृष्णा साखर कारखाना उभारणाऱ्या जयवंतराव भोसले यांनीच कराडचं वैद्यकीय महाविद्यालयही उभं केलं. यात गैर काही नाही, उलट या भागाची ती कमाई आहे. पण साखरपट्ट्यातल्या कुठल्याही संस्थेत उद्या मधुमेहावर अभ्यास झाला, तर साखरेशी असलेलं नातं एका ओळीत लिहिलेलं असावं. कुणावर आरोप म्हणून नव्हे, वाचणाऱ्या डॉक्टरला निष्कर्ष तोलता यावेत म्हणून. निबंधाखाली सवयीने ‘हितसंबंध नाहीत’ असं टाइप करून मोकळं होणं, हा त्यावरचा उपाय नाही.

औषधचाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत 2009 पासून सक्तीची आहे. तिथे आर्थिक मदत कुणाची हा रकाना असतो आणि तो कुणालाही फुकट पाहता येतो. हळदीच्या नव्या गोळीची बातमी छापण्यापूर्वी वार्ताहराने तो रकाना उघडावा आणि त्यातलं नाव बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात घालावं.